तुडुमावरचा नकार

टेकचंद कमरेएवढ्या पाण्यात उतरला होता आणि तुडुमाच्या दट्ट्याभोवती त्याने दोर आवळला होता, तेव्हा तळ्याच्या पाळीवरून सुशीलाबाई म्हणाल्या, “नाई.”

ज्या माणसाचा होकार सर्वांनी आधीच धरून ठेवलेला असतो, त्याचा नकार पहिल्या खेपेस वाया जातो. ताराचंदने आईकडे पाहिलेसुद्धा नाही. धाकट्या भावाला हात करून तो म्हणाला, “काढ आता.” टेकचंदने दोराला हिसका दिला. जुना सागवानी दट्ट्या जागचा हलला नाही.

“टेका, दोर सोड. मी नाई म्हनली.”

आता मात्र सर्वांची तोंडे वळली. अर्जुनाच्या झाडाखाली त्यांच्यासाठी घरून प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. इतका वेळ त्या उभ्याच होत्या. नकार ऐकला गेला याची खात्री झाल्यावर त्या पदर सावरून खुर्चीवर बसल्या, आणि घाईने उठायचे नाही असा त्यांच्या बसण्याचा अर्थ होता.

पितृमोक्ष अमावास्येची दुपार होती. थोरल्या घरी पितरांची पाने वाढून, जेवणे आटोपून, सुशीलाबाईंचे दिवंगत पती उदारामजी यांचे सारे कुटुंब बोडीवर, म्हणजे शेतीसाठी बांधलेल्या छोट्या तळ्यावर, आले होते. सडक अर्जुनीपासून आत असलेल्या या टोल्यातली, म्हणजे छोट्या वस्तीतली, ही बोडी उदारामजींच्या आजोबांनी बांधलेली. पिढ्यानपिढ्या तळी बांधणाऱ्या कोहळ्यांच्या घरात देवाआधी पाळीला हात जोडतात, आणि तुडुम उघडण्यापूर्वी बांधणाऱ्याचे नाव घेतात. नाव घेऊन झाले होते. थोरली सून रामकली हिने पाण्याला हळदकुंकू वाहिले होते. उरला होता तो नुसता सुशीलाबाईंचा शब्द, आणि त्याची कोणी काळजी केली नव्हती.

तुडुम म्हणजे बोडीचे तोंड. पाळीला लागून पाण्यात उतरत गेलेल्या दगडी पायऱ्या, पायरीगणिक एक भोक, भोकात ठोकलेला लाकडी दट्ट्या. दट्ट्या निघाला की पाणी पाळीच्या पोटातून पलीकडच्या पाटात पडे. पाटाच्या सुरुवातीला ताराचंदच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरे, मध्ये सुशीलाबाईंच्या नावाच्या, आणि पार शेवटी टेकचंदच्या. पोळ्यानंतर पाऊस फिरकला नव्हता. टेकचंदचा धान पोटरीत आला होता आणि त्याच्या बांध्यांना भेगा पडल्या होत्या. आज-उद्या पाणी पोचले नाही तर लोंबी निघेल, पण दाणा भरणार नाही; हे पाळीवरच्या प्रत्येकाला ठाऊक होते.

“माय,” पाण्यातून टेकचंद म्हणाला, “मजाक करून राहिली का?”

“मी कवा मजाक केली?”

ते खरे होते. टेकचंदला आठवण्यासारखी एकही वेळ सापडली नाही.

“मग अडवून कायले राहिली? बांधीत पाय ठेवला तं भेगेत जाते. मी रोज तिथं उभा राहतो आन् आभाराकडे पाहतो. तुले दिसत नाई का?”

“दिसते.”

“मग?”

“मले विचारलं तुमी. म्हनून सांगितलं.”

ताराचंदने कपाळावरचा घाम पुसला. मोठा मुलगा होणे ही त्याच्या लेखी एक नोकरी होती; ती त्याने निष्ठेने केली, पण तिच्यात त्याला आनंद कधी झाला नाही. तो आता सोनिकाकडे वळला. सोनिका त्याची एकुलती मुलगी, गोंदियाच्या एका महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवणारी.

“हे तुजं काम आहे,” तो म्हणाला. “मी तवाच म्हनलो होतो.”

आणि ते तिचेच काम होते.

उदारामजी होते तोवर बोडीचा कायदा एका वाक्याचा होता: मोठा सांगेल तेव्हा तुडुम उघडेल. ते गेले आणि मोठेपण ताराचंदकडे आले. गेल्या साली त्याने वडिलांच्याच रीतीने वरून, म्हणजे पाटाच्या सुरुवातीच्या बांध्यांना आधी, पाणी सोडले. पण बोडी अर्धीच भरली होती, आणि पाणी शेवटच्या बांध्यांपर्यंत जाईपर्यंत तुडुमाशी चिखल उरला. टेकचंदने भावाची कॉलर धरली. ताराचंदने त्याला, “बोडी मोठ्याची असते,” असे सर्वांदेखत सुनावले. त्या घरात दिवाळी दोन चुलींवर झाली.

मग सोनिका मध्ये पडली. अक्षय तृतीयेला, म्हणजे अकजीला, तिने बापाला आणि काकाला याच पाळीवर उभे केले आणि ओंजळीत बोडीचे पाणी देऊन वदवून घेतले: या पाण्यावर कोणाचा जन्मामुळे हक्क नाही, ज्या ज्या घराची शेती या पाण्यावर आहे, त्या प्रत्येक घराचा रुकार असल्याखेरीज तुडुम उघडणार नाही. घरे तीन. ताराचंदचे, टेकचंदचे, आणि पतीच्या पश्चात ज्यांच्या नावे मधल्या बांध्या झाल्या त्या सुशीलाबाईंचे. दोघे भाऊ कबूल झाले. सुशीलाबाईंनी त्या दिवशी फक्त ऐकून घेतले होते. आज त्या कबुलीचा पहिला प्रसंग होता.

“घे सोनिका,” टेकचंद पाण्यातून ओरडला, “तुजा फ्रान्सचा कायदा! राजाले काढलं आन् आजीले बसवलं. आता माजा धान त्या पॅरिसले नेऊन पेर.”

डिंपलने, त्याच्या बायकोने, तोंडाला पदर लावला. ती हसत होती की रडत होती हे पाळीवरून कळत नव्हते.

“म्हनूनच मोठ्याच्या शब्दानं चालत होतं,” ताराचंद म्हणाला. “एक मानूस सांगते, बाकीचे ऐकतात. काम होते.”

“काम तुजं होते, भाऊ. माजं नाई होत.”

“टेका, तोंड सांभार.”

“आता पाण्यात येऊन धर माजी कॉलर. ये.”

“थांबा दोघंही,” सुशीलाबाई म्हणाल्या. आवाज चढवण्याची त्यांना कधी गरज पडली नव्हती. “सोनिका, तू इथं ये. तू पोरायले काय शिकवते ते मले सांग. तुज्या बापाले नको, मले.”

सोनिका खुर्चीपाशी जाऊन खाली पाळीवरच्या गवतात बसली. हजार वेळा वर्गात सांगितलेली गोष्ट आजीला सांगताना तिला शब्द नव्याने शोधावे लागले.

“आजी, तिकडं कितीतरी शतकं असं मानत होते की राजा देवानं दिलेला असतो. तो राजा का? तर राजाच्या पोटी आला म्हणून. मग काही विचार करणाऱ्या माणसांनी विचारलं, हे कशावरून? बुद्धीला पटेल असं कारण द्या. आणि कारण काही निघेना. तेव्हा ते म्हणाले, ज्यांच्यावर राज्य करायचं त्यांनी कबूल केलं तरच ते राज्य खरं. नाहीतर ती नुसती जबरदस्ती.”

“मग?”

“मग अमेरिकेतल्या लोकांनी इंग्लंडच्या राजाला सांगितलं, आम्हाला विचारल्याशिवाय आमच्यावर कर लावता येणार नाही. ते वेगळे झाले. त्यानंतर फ्रान्समध्ये लोक उठले. कालपर्यंत रयत होते, ते नागरिक झाले. आणि राष्ट्र म्हणजे राजाची जमीन नव्हे, राष्ट्र म्हणजे आम्ही सगळे, असं म्हणायला लागले. हा विचार तिथं थांबला नाही, आजी. देशोदेशी गेला. आपल्याकडच्या शिकलेल्या माणसांनी तो इंग्रजांच्याच पुस्तकांत वाचला आणि इंग्रजांना विचारलं, तुमच्या घरात जो नियम तुम्ही मानता, तो आमच्या घरात का नाही?”

“बरोबर विचारलं,” सुशीलाबाई म्हणाल्या. “आन् ते जे सगळे म्हनते तू, नागरिक झालेले, त्याच्यात बाया होत्या का?”

सोनिकाच्या हातातली गवताची काडी थांबली.

“नव्हत्या.”

“कोनी विचारलं नाई?”

“एका बाईनं विचारलं. पुरुषांच्या हक्कांचा जाहीरनामा निघाला, तर तिनं बायकांच्या हक्कांचा लिहिला. पुढं तिचंही डोकं उडवलं.”

“हे तू शिकवते?”

“दरवर्षी.”

“परीक्षेत येते?”

“येतं. पाच मार्कांची टीप असते.”

“मग पाच मार्काचं तुले अकजीले इथं उभं राहून काऊन नाई आठवलं?”

सोनिकाला लाज वाटली, आणि लाजेच्या मागोमाग एक विलक्षण सुटका वाटली. अक्षय तृतीयेपासून त्या कबुलीत काहीतरी खुपत होते आणि काय खुपते ते पाहायचे तिने टाळले होते. ‘घर’ हा शब्द तिने मुद्दाम निवडला होता. तो सोयीचा होता, दोन्ही भावांना तो मान्य होता, आणि त्या शब्दाच्या आत कोण कोण राहते हे कोणी विचारणार नव्हते.

सुशीलाबाईंनी आता मुलांकडे पाहिले.

“तीन घरं म्हनली तुमी. माजं घर कवा झालं? तुमचा बाप गेला तवा. तो होता तवर माजं घर नवतं, त्याचं होतं. ही रामकली, इतकी वर्सं तुमच्या बांध्यात रोवनं करून राहिली. तिचा नवरा जित्ता आहे म्हनून तिले घर नाई. डिंपलचा जित्ता आहे म्हनून तिले नाई. म्हंजे बाईले तोंड फुटाले तिचा नवरा मराव लागते?”

“माय!” ताराचंद कळवळला. “पितरायच्या दिवशी असं बोलते?”

“त्यायच्याच समोर बोलून राहिली. त्यायनं ऐकाव.”

“मी पाण्यात उभा आहे,” टेकचंद म्हणाला, “आन् वर माज्या मरनाची चर्चा चालू आहे.”

या वेळी डिंपल उघड हसली. रामकलीच्याही ओठांवर काहीतरी आले आणि तिने ते गिळले.

सुशीलाबाई सुधारक नव्हत्या. कोणी त्यांना तसे म्हटले असते तर त्यांनी अपमान मानला असता. जुना नियम त्यांना पटत होता. नवा नियम त्यांनी मागितला नव्हता. पण करायचाच तर तो अर्धा करणे हे त्यांना अर्ध्या बांधलेल्या पाळीसारखे वाटे, आणि कोहळ्याच्या घरात अर्धी पाळ बांधणाऱ्याला कोणी जेवायला वाढत नाही.

“या दोघीले विचारा,” त्या म्हणाल्या. “मग पाहू.”

“विचारायचं काय? पानी सोडाव का म्हनून?” ताराचंद म्हणाला. “हो म्हनतील ना.”

“ते त्यायले म्हनू दे.”

ताराचंद बायकोकडे वळला. इतक्या वर्षांत असा प्रश्न त्याने तिला केला नव्हता, त्यामुळे तो कसा करावा हेही त्याला उमजेना. “काय म्हनते मग तू?” तो चाचरत म्हणाला.

रामकलीच्या तोंडून सवयीने निघाले, “यायले विचारा.”

“यानंच विचारलं ना तुले,” सुशीलाबाई म्हणाल्या.

रामकली पाळीच्या कडेला उभी होती. तिथून पाटाची रेघ तिला शेवटपर्यंत दिसत होती. वरचा धान हिरवागार, मधला फिका, आणि दूर टेकचंदच्या बांध्यांवर पिवळी कळा. तिला बरेच काही माहीत होते. भावांनी बोलणे सोडले, तेव्हा जावांनी सोडले नव्हते. बाजाराच्या दिवशी दोघी एकाच ऑटोतून सडक अर्जुनीला जात आणि टोल्याच्या अलीकडे एकजण आधी उतरे, म्हणजे घरी कळू नये. गेल्या साली डिंपलने तिला सांगितले होते की पोचट धानाची पेंढी बैलसुद्धा पाहून तोंड फिरवतो. रामकलीने भज्यांची पुडी तिच्या पिशवीत टाकली होती, एवढेच.

“पानी सोडा,” ती म्हणाली. मग तिने एक श्वास घेतला. “पन अवंदा सेवटून सुरू करा. आपल्या बांधीत अजून पाय रुतते. मी रोज गवताले जातो, मले मालूम आहे. आपला धान आठवडाभर थांबते. त्यायचा नाई थांबत.”

ताराचंद तिच्याकडे पाहतच राहिला. “हे तू मले घरी नाई सांगितलं.”

“सांगून राहिली होती, सोनीचे बाबा. तुमी टीव्ही पाहत होते.”

पाण्यात टेकचंदने मान फिरवली आणि दुसऱ्या काठावरच्या बगळ्यांकडे लक्ष असल्यासारखे दाखवले. भावजय आपल्या बाजूने बोलली. आता भावाच्या चेहऱ्याकडे पाहणे त्याला जड गेले.

त्याने पाहिले असते तर त्याला नवल वाटले असते. ताराचंदच्या चेहऱ्यावर राग नव्हता. गेले वर्षभर हा माणूस मोठेपणाच्या खांबाला बांधल्यासारखा उभा होता. भावाचा धान वाळलेला त्याने पाहिला होता, बांधावरून परत येताना वाट बदलली होती, आणि तरी “या वेळी तू आधी घे” एवढे शब्द त्याच्या तोंडून निघाले नव्हते. मोठ्याने एकदा खाली पाऊल ठेवले की मोठेपण संपते, अशी त्याची समजूत होती. बायकोने ते शब्द त्याच्यासाठी उच्चारले. त्याला फक्त मान हलवायची होती.

“बरं,” तो म्हणाला. “सेवटून सोडू. टेका, ऐकलं का?”

“ऐकलं,” बगळ्यांकडे पाहत टेकचंद म्हणाला.

“आता डिंपल,” सुशीलाबाई म्हणाल्या.

डिंपल पुढे आली. तिला तोंड मिळाल्यावर ते वापरायला वेळ लागत नसे. माहेरी तिला सगळे वकीलीण म्हणत.

“पानी सोडा, मी हो म्हनतो. सेवटून सोडून राहिले त्याच्यासाठी जाऊबाईच्या पाया पडतो. पन आत्याबाई, माजं एक आहे. राग येईल तुमाले.”

“राग येते का नाई ते मी पाहतो. तू बोल.”

“हा सगळ्यायच्या रुकाराचा नियम मले नाई पटत. आज तुमी अडवलं. चांगल्यासाठी अडवलं, ठीक आहे. उद्या मी अडवीन. मी भांडखोर आहे, मले मालूम आहे. माजं जाऊबाईसंग वाजलं, का मी इथं येऊन बसली खुर्चीवर. एकाच्या नाईनं सगळ्यायचा धान वारवाचा का? जास्त लोकं जे म्हनतील ते कराव. सरपंच निवडतो तसं.”

डिंपल काय म्हणाली ते सोनिकाला सर्वांआधी उमगले. ज्या सासूने तिला बोलायला लावले, तिच्याच हातातला नकार तिने पहिल्याच बोलण्यात काढून घेतला होता. पुस्तकात हा प्रसंग सोनिकाने कितीतरी देशांच्या नावाने शिकवला होता. तिथे अशा वेळी बहुधा तोफा लागत. तिने आजीच्या हातांकडे पाहिले. ते खुर्चीच्या हातांवर स्थिर होते.

सुशीलाबाईंना ते लागले. का लागू नये? पन्नास वर्षे त्यांनी होकार दिला होता आणि तो कोणी मोजला नव्हता. आज पहिल्यांदा नकार दिला, तर सारे घर त्याच्याभोवती थांबले. त्या थांबण्यात एक गोडी होती, ती त्यांनी स्वतःपाशी मान्य केली. आणखी थोडा वेळ ती चाखायला त्यांना आवडले असते. पण धाकटी सून खरे बोलली होती, आणि खऱ्या बोलण्याला खोटे उत्तर देणे त्यांना येत नव्हते.

“टेका,” त्या म्हणाल्या, “तुजी बायको तुज्याहून हुशार आहे.”

“ते मले लग्नातच समजलं होतं.”

“डिंपल म्हनते तसं करा. जास्त तोंडं जिकडे, तिकडे पानी. आन् तोंडं मानसायची मोजा, घरायची नाई.”

“सोनिकाचं तोंड मोजाचं का?” डिंपलने विचारले.

“ती तं उद्या लगन होऊन,” ताराचंदने सुरुवात केली.

“बाबा,” सोनिका म्हणाली.

“मोजा बाप्पा, मोजा,” तो घाईने म्हणाला, आणि वर्षभरात पहिल्यांदा दोन्ही घरे एका गोष्टीवर हसली.

“आता सांगा एकेक,” सुशीलाबाई म्हणाल्या. “पानी आज सोडाव, आन् सेवटून सोडाव. ताराचंद?”

“हो.”

“रामकली?”

“हो,” रामकली म्हणाली. या वेळी तिने कोणाकडे पाहिले नाही.

“टेका?”

“हो, हो! माजे पाय गारठून राहिले, माय.”

“डिंपल?”

“हो.”

“सोनिका?”

“हो, आजी.”

“आन् माजी नाई,” सुशीलाबाई म्हणाल्या.

टेकचंदच्या हातातला दोर पाण्यात पडला. ताराचंद दोन पावले पुढे आला. “माय, आता काऊन? तू म्हनली तसं सगळं झालं.”

“मी म्हनली का विचारा. विचारलं. आता मले विचारलं तं मी माजं सांगतो. तुज्या बापानं वरून पानी सोडलं, त्याच्या बापानं वरून सोडलं. मी या घरात आली तवापासून वरूनच सुटलेलं पाहिलं. माजं मन आजही वरूनच सोडा म्हनते. मले पटलं नाई. तुमाले खूश कराले मी खोटा हो कायले म्हनू?”

“मग आता काय कराचं?” टेकचंदने हताशपणे विचारले.

“काय कराचं म्हंजे? पाच हो, एक नाई. मोजता येते ना तुले? दोर उचल. काढ दट्ट्या.”

सोनिकाला रडू आले आणि ते लपवायला ती उठून उभी राहिली. गेल्या साली एकाला मोठ्याचा शब्द पटला नव्हता आणि चुली दोन झाल्या होत्या. आज आजीला पटले नव्हते, आणि नाही म्हणणारीच काम पुढे न्यायला सांगत होती. तिला वाटले, राज्ये उलटवणे सोपे असावे. हरलेल्या माणसाने त्याच घरात मान ताठ ठेवून बसणे, आणि जिंकलेल्यांनी त्याला बसू देणे, हे शिकायला लोकांना शतके लागली असतील.

टेकचंदने दोर उचलला, ओढला. दट्ट्या फुगून बसला होता. त्याने पुन्हा ओढले आणि त्याचा पाय शेवाळावरून घसरला.

“अरे, तसा नाई निघत तो. बाबा डावीकडं पिरगारत होते,” ताराचंद म्हणाला. त्याने चपला काढल्या, पितरांच्या पूजेचे पांढरे धोतर खोचले, पण पहिल्या पायरीवरच ते सुटले, आणि मग त्याचा नाद सोडून तो तसाच पाण्यात शिरला. दोघे भाऊ खांद्याला खांदा लावून वाकले.

“हं. आता ओढ.”

“तू पिरगार ना आधी.”

“पिरगारून राहिलो ना बे!”

दट्ट्या एकदम सुटला. दोघेही मागे पाण्यात बसले. तुडुमाच्या भोकाशी पाण्याला भोवरा पडला, आणि पाळीच्या पलीकडे, आधी घरघर आणि मग मोकळा, भरघोस आवाज झाला. रामकलीने पाळीच्या त्या बाजूला धावत जाऊन पाहिले. कोरड्या पाटात पाणी उतरले होते. पुढे पालापाचोळा ढकलत, मातीचा वास उठवत ते वळणाला लागले.

ताराचंद ओल्या धोतरानिशी बाहेर आला तो थांबला नाही. फावडे उचलून तो पाण्याच्या पुढे पाटाकाठाने निघाला. त्याच्या स्वतःच्या बांध्यांची तोंडे उघडी होती. दरवर्षी ती उघडीच असत. एकेका तोंडाशी वाकून तो चिखलाचे ढेकूळ बसवत गेला, पायाने दाबत गेला. मागून टेकचंद आला. त्यानेही हाताने चिखल ओढला. भावाच्या बांध्यांची तोंडे बंद करायला भाऊ मदत करीत होता. मग आईच्या मधल्या बांध्यांचीही तोंडे त्यांनी बुजवली, आणि पाणी त्यांच्या बाजूने, वरचा हिरवा धान ओलांडून, पुढे गेले.

सुशीलाबाई झाडाखाली बसून होत्या. त्यांना वाटले होते की आपला शब्द पडला म्हणजे अंगातले बळ जाईल. तसे काही झाले नाही. उलट खांद्यावरचे कसले तरी जुने ओझे उतरून बाजूला ठेवल्यासारखे झाले. आता आपण हो म्हटले तर तो खरा हो असेल आणि नाही म्हटले तर घर कोसळणार नाही. या वयात एवढे मिळणे थोडे नव्हते.

ऊन कलायला लागले तेव्हा दूर शेवटच्या बांध्यांकडून टेकचंदची हाळी आली. पाणी पोचले होते. सोनिका आणि रामकली तिकडे केव्हाच गेल्या होत्या. डिंपल मात्र अर्ध्या वाटेवरून परत फिरली. धापा टाकत ती पाळीवर चढली आणि खुर्चीपासून हातभर अंतरावर उभी राहिली.

“आत्याबाई, पानी आलं आमच्या बांधीत. भेगा पिऊन राहिल्या.” ती अडखळली. “तुमी पाहाले येता का? म्हंजे, तुमी तं नाई म्हनल्या होत्या…”

सुशीलाबाई उठल्या. सुनेच्या खांद्यावर त्यांनी हात ठेवला.

“नाई म्हनली होती,” त्या म्हणाल्या, “आंधरी नाई झाली. चल.”